हार्डनर मारायच्या आधी फ्लोअरवर पाणी टाका

इथे हार्डनर म्हणजे काँक्रीटच्या फ्लोअरवर, म्हणजे कोब्यावर, पंपाने फवारायचं सोडियम सिलिकेटचं द्रावण; ते आत मुरून फ्लोअर टणक करतं. गमबूट, रबरी हातमोजे, गॉगल, खराटे, वायपर हे सांगायला नको. पंप आदल्या दिवशी साध्या पाण्यावर चालवून बघा, नोझल ऐनवेळी तुंबतंच.

आता मुद्द्याचं. फ्लोअरवर पाणी टाका. बाटली घेऊन फिरा: शटरजवळ, मधोमध, खांबांच्या बुडाशी, भिंतीच्या कडेला. दोन-चार मिनिटांत पाणी मुरून जागा काळपट झाली तर ठीक. अळवाच्या पानावरच्यासारखा थेंब उभा राहिला तर ड्रमचं झाकण उघडू नका.

चाकणच्या एका शेडमध्ये मी हे केलं नाही. ठेकेदार म्हणाला, "साहेब, गोणपाट टाकून रोज पाणी मारलंय." मी मान डोलावली. गोणपाट अर्ध्याच शेडला पुरलं होतं, उरलेल्या अर्ध्यावर क्युरिंग कंपाउंड फवारलेलं, म्हणजे काँक्रीटमधलं पाणी उडू नये म्हणून मारतात ते मेणाचं द्रावण. बिनरंगी, त्यामुळे दिसतही नाही. सोडियम सिलिकेटला काँक्रीटमधला चुना भेटला तरच आतली छिद्रं बुजतात. वर मेणाचा पापुद्रा असला की ते वरच वाळतं. सकाळी खांबांच्या रांगेशी आखल्यासारखी रेघ: अलीकडे छान कोबा, पलीकडे पांढरी खरड, पत्रीनेसुद्धा निघेना. ग्राइंडर लावून चार दिवस धूळ खाल्ली. म्हणून सांगतो, कोण काय म्हणतं ते ऐकू नका, पाणी टाका.

नवीन ट्रिमिक्स (व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून केलेला कोबा) असेल तर मी २८ दिवस थांबतो. खिळ्याने ओरखडून बघा. वाळू भसाभस सुटत असेल तर कोबाच कच्चा आहे, त्याला हार्डनर वाचवणार नाही. भेगाही भरणार नाही, मालकाला आधीच सांगा. तेलाचे डाग डिग्रीझरने काढा आणि तिथे परत पाणी टाकून बघा. साफसफाईला ॲसिड अजिबात नको. आपल्याला हवा असलेला चुना तेच खाऊन टाकतं. काचा आणि ॲल्युमिनियमच्या चौकटी प्लॅस्टिकने झाका, काचेवर वाळलेला शिंतोडा जन्मभर राहतो.

किती लिटर लागेल हे विचारू नका, कोबा किती पितो त्यावर आहे. कोपऱ्यात दहा बाय दहा फुटांवर मारून मोजा.

पत्र्याच्या शेडमध्ये काम सकाळी लवकर धरा, दुपारी माल मुरायच्या आधीच सुकतो. साधारण अर्धा तास फ्लोअर ओलं ठेवायचं, डबकी खराट्याने पसरवायची. बुळबुळीत झालं की पाण्याचा हलका फवारा, घासायचं, मग भरपूर पाण्याने धुऊन वायपर. उरलेलं तिथेच वाळू देऊ नका. लिथियम सिलिकेटवाल्या हार्डनरची रीत वेगळी, डबा वाचा.

सांधे नंतर भरा. गाड्या लगेच नकोत. आणि पुढच्या पॅनेलवर, म्हणजे फ्लोअरच्या पुढच्या तुकड्यावर, सरकलात की परत बाटली काढा, परत पाणी टाका.