नोकरीवरच्या ग्रीन कार्डचा नंबर कधी लागणार, हे कसं बघायचं

आधी स्वतःची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची तारीख, शोधा. पर्म (कंपनीने करायचं लेबर सर्टिफिकेशन) केलं असेल तर ते लेबर डिपार्टमेंटकडे फाईल झालं तो दिवस, पर्म लागत नसेल तर आय-१४० (कंपनीने किंवा काही कॅटेगरीत स्वतः भरायचा ग्रीन कार्डचा पिटिशन फॉर्म) फाईल केल्याचा दिवस. आय-१४० च्या अप्रूव्हल नोटीसवर ती छापलेली असते, वकिलाला दहा मेल करायची गरज नाही.

मग स्टेट डिपार्टमेंटचं व्हिसा बुलेटिन उघडा, दर महिन्याला नवीन येतं. त्यात आपली कॅटेगरी (नोकरीवरच्या ग्रीन कार्डचे गट, ईबी-२, ईबी-३ वगैरे) आणि इंडियाचा कॉलम बघायचा, तिथल्या तारखेच्या आधीची तुमची डेट असेल तरच नंबर लागला. तक्ते दोन असतात, फायनल ॲक्शन (ग्रीन कार्ड प्रत्यक्ष मिळू शकतं त्या तारखा) आणि डेट्स फॉर फायलिंग (अर्ज भरता येतो त्या तारखा). अमेरिकेतूनच आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) भरणार असाल तर त्या महिन्यात कुठला तक्ता चालेल ते यूएससीआयएस (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) सांगतं, आणि इथेच बरेच जण गोंधळतात.

एवढी रांग का, तर नोकरीवरचे वर्षाला साधारण १,४०,००० व्हिसे, त्यात बायकापोरंही मोजतात, वर एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. देश म्हणजे जन्मदेश हां, पासपोर्ट बदलून काही होत नाही! पण नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तो देश वापरता येतो, हे नक्की विचारा.

बुलेटिनमधल्या तारखा मागेही जातात, म्हणून आज दोन महिने सरकली म्हणून पुढचा हिशोब मांडत बसू नका. नोकरी बदलली तरी अप्रूव्ह झालेल्या आय-१४० ची डेट सहसा टिकते, त्याची कॉपी मात्र जपून ठेवा.