थंडीतलं जॅकेट आणि तंबू: या चुका टाळा

कडाक्याच्या थंडीत उघड्यावर राहायचं ठरलं की बहुतेक जण दुकानातलं सगळ्यात जाड जॅकेट आणि सगळ्यात दणकट दिसणारा तंबू उचलतात. तरीही पहाटे हुडहुडी भरतेच. ऊब धरून ठेवते ती कपड्यांच्या थरांत अडकलेली कोरडी हवा. घामाने, श्वासाच्या वाफेने किंवा पावसाने ते थर ओले झाले, किंवा वारा आत शिरून ती हवा घेऊन गेला, की जाडी काही कामाची राहत नाही. वाऱ्याचा हिशोब तर आपण धरतच नाही. हवा उणे १० अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला तो गारवा उणे २० सारखा लागतो. म्हणून खरेदी करताना आधी विचारायचं ते हे, की ही वस्तू वारा किती अडवते आणि ओल बाहेर कशी जाऊ देते.

एकाच जाड जॅकेटवर भिस्त

जाड जॅकेट घालून चढ चढायला लागलात की थोड्याच वेळात पाठ घामाने भिजते. विश्रांतीला थांबलात की तोच घाम गार पडतो आणि मग काही केल्या अंग तापत नाही. अशा जॅकेटला मधला मार्गच नसतो, घाला नाहीतर काढा. त्यापेक्षा थर करा. अंगालगत पातळ लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर, त्यावर फ्लीस (मऊ, लोकरीसारखं कृत्रिम कापड), सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं शेल. फुगीर जॅकेट पिशवीत वरच ठेवा आणि थांबल्या थांबल्या चढवा, थंडी वाजायची वाट बघू नका. सुती बनियन आणि जीन्स मात्र घरीच राहू द्या. सूत पाणी पितं आणि लवकर वाळत नाही. लोकर वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास ओलावा पोटात घेऊनही बरीच ऊब देते. चालायला सुरुवात करताना किंचित थंडी वाजत असेल, तर कपडे बरोबर आहेत असं समजा.

शेल घेताना नुसत्या टी-शर्टवर घालून बघू नका. आतले सगळे थर चढवा, दोन्ही हात वर करा, कंबर उघडी पडते का पाहा. हूड ओढून मान डावी-उजवीकडे वळवा. हूड डोक्याबरोबर वळला पाहिजे, नाहीतर वाऱ्यात एक डोळा झाकूनच चालावं लागतं. शेल घट्ट असेल तर आतलं फुगीर जॅकेट चेपतं आणि त्यातली हवाच निघून जाते.

फिल पॉवरला भुलणं

डाऊन जॅकेटवर, म्हणजे पक्ष्यांची मऊ पिसं भरलेल्या जॅकेटवर, फिल पॉवरचे ६५०, ८००, ९०० असे आकडे असतात. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम पिसं फुलल्यावर किती घन इंच जागा व्यापतात, एवढंच तो आकडा सांगतो. पिसांचा दर्जा त्यावरून कळतो, पण जॅकेटमध्ये ती किती भरली आहेत हे कळत नाही. त्यासाठी भरणाचं वजन विचारा. ८०० फिल पॉवरची ९० ग्रॅम पिसं असलेल्या जॅकेटपेक्षा ६५० ची २५० ग्रॅम असलेलं कितीतरी जास्त उबदार असतं. दुसरं म्हणजे भिजलेली पिसं गोळा होऊन बसतात. माझं मत विचाराल तर शून्याच्या आसपासच्या, बर्फ पडतो-वितळतो अशा ओल्या थंडीत कृत्रिम भरणाचं जॅकेटच घ्यावं. कोरड्या, उणे १० च्या खालच्या थंडीत डाऊनला तोड नाही.

‘वॉटरप्रूफ आहे, तरी गळतंय’

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि बहुतेक वेळा जॅकेट गळत नसतं. बाहीवर पाण्याचे थेंब टाका. मोत्यासारखे गोळे होऊन घरंगळले तर वरचा पाणी झटकणारा लेप शाबूत आहे. डाग गडद होऊन पसरला तर लेप थकलाय. अशा वेळी आतला पडदा पाणी अडवत असतोच, पण बाहेरचं कापड चिंब झाल्यामुळे घामाची वाफ निघू शकत नाही आणि आतच तिचं पाणी होतं. आपण म्हणतो, गळलं.

उपाय अवघड नाही. अशा कपड्यांसाठी मिळणाऱ्या खास साबणाने धुवा, दोनदा खळबळून घ्या आणि लेबलवर परवानगी असेल तर मंद आचेवर ड्रायरमध्ये फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब उभे राहिले नाहीत तर नवा लेप फवारा. फॅब्रिक सॉफ्टनर चुकूनही वापरू नका. नव्या, फ्लोरिनविरहित लेपांवर अंगाचं तेल आणि मळ लवकर बसतो, त्यामुळे ही जॅकेटं जरा जास्त वेळा धुवावी लागतात. ‘धुतलं की खराब होतं’ या भीतीने ती वर्षानुवर्षं न धुणं हीच मोठी चूक आहे.

थेंब छान उभे राहतात, तरी आत ओल आहे? मग तो घाम. काखेतल्या झिपा उघडा, एक थर काढा. ओल फक्त शिवणीच्या रेषेत असेल तर आतली पट्टी सुटली आहे, तेवढी खरी गळती.

तंबूकडून ऊब मागणं

तंबू वारा आणि बर्फ अडवतो. ऊब देणं हे मॅट आणि स्लीपिंग बॅगचं काम. ‘फोर सीझन’ तंबूच्या दांड्या बर्फाचं ओझं आणि जोरदार वारा सोसण्यासाठी असतात. आत जाळीऐवजी कापड असतं, कारण जाळीतून भुरभुरता बर्फ थेट अंथरुणावर येतो. झाडीच्या आडोशाला, वारा-बर्फ नसताना, तीन ऋतूंचा चांगला तंबूही चालून जातो. वाचलेले पैसे मॅटवर घाला. मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे खालचा गारवा अडवण्याची ताकद सांगणारा आकडा, बघा. बर्फावर तो ५ च्या पुढे हवा. एकावर एक ठेवलेल्या मॅटच्या आकड्यांची बेरीज होते, २ आणि ३.५ मिळून ५.५. स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात. जेमतेम निभावतं त्या ‘लिमिट’वर न जाता, आरामात झोप लागते तो ‘कम्फर्ट’चा आकडा धरा.

सगळे झरोके बंद करणं

गारठा आत येईल म्हणून लोक तंबू ठार बंद करतात. रात्रभराच्या श्वासाची वाफ मग गार कापडाला लागून, पातेल्यावरच्या झाकणासारखी, थेंबाथेंबाने खाली येते आणि स्लीपिंग बॅग भिजवते. वरचा झरोका नेहमी उघडा ठेवा, दाराची झिप वरून चार बोटं सोडा. नायलॉनचा फ्लाय, म्हणजे तंबूचं बाहेरचं आवरण, ओला झाला की सैल पडतो आणि आतल्या कापडाला चिकटतो, म्हणून झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणा. बर्फ पडत असेल तर रात्री उठून फ्लायच्या कडा आणि झरोके मोकळे करा. आणि बंद तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी कधीही, अगदी पाच मिनिटंसुद्धा, पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याने झोपेत जीव जातो.

सकाळी आत पाणी दिसलं तर आधी नीट बघा. फ्लायच्या आतून सगळीकडे सारखे थेंब असतील तर ती वाफ आहे. पाणी खालून येत असेल तर तंबूखाली अंथरलेलं प्लास्टिक तपासा. ते फ्लायच्या बाहेर डोकावत असेल तर पावसाचं पाणी झेलून बरोबर तुमच्या पाठीखाली आणतं. चारी बाजूंनी आत दुमडून घ्या.

दरीच्या तळाशी तंबू लावू नका, गार हवा तिथेच साचते. बर्फात साध्या खुंट्या धरत नाहीत. पिशवीत बर्फ भरा, दोरी बांधा, आडवी पुरा, वरून पायाने दाबा आणि अर्धा तास थांबून मगच ताणा. हातमोजे घालून हे सगळं जमतं का, ते निघण्याआधी करून बघा.

घरी आल्यावर तंबू पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नका. ओलीने तळाचा पॉलियुरेथेन लेप विघटित होऊन चिकट होतो, आंबूस वास येतो आणि पापुद्रे सुटतात. हाताला तळ चिकटायला लागला असेल तर तो तंबू बर्फात नेऊ नका.