फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बुडालेल्या स्पॅनिश जहाजांचा अभ्यास आणि जतन कसे करावे

अमेरिकेतील वसाहतींतून चांदी, सोने, रंगद्रव्ये आणि कातडी घेऊन निघणारे स्पॅनिश ताफे हवाना बंदरात एकत्र होत आणि तेथून गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाचा आधार घेत फ्लोरिडाच्या कडेने उत्तरेकडे सरकून मग स्पेनची वाट धरत. या चिंचोळ्या मार्गाच्या एका अंगाला प्रवाळांचे कठडे आणि उथळ वाळूचे पट्टे असल्यामुळे चक्रीवादळात सापडलेल्या ताफ्याला पळायला जागाच उरत नसे. 1622, 1715 आणि 1733 या तीन वर्षांतील ताफे असेच मोडले. त्याआधी 1559 मध्ये त्रिस्तान दे लूना याची वसाहतीसाठी आलेली बहुतेक जहाजे पेन्साकोलाच्या उपसागरात नांगरलेली असतानाच बुडाली. या जहाजांविषयी काही नवे शोधू पाहणाऱ्याने सुरुवात पाण्यापासून नव्हे, तर दप्तरापासून करावी, आणि त्याआधी एक ताफा, शक्यतो एकच जहाज, निवडून त्याविषयीचा प्रश्न स्पष्ट लिहून ठेवावा. ‘खजिना कुठे आहे’ हा अभ्यासाचा प्रश्न नव्हे. जहाज कुठे बांधले होते, त्यावर कोण होते, ते नेमके कोणत्या जागी आणि कसे फुटले, त्यातले किती त्याच काळी बाहेर काढले गेले, हे प्रश्न कामाचे आहेत.

पहिली अडचण नावांची येते. स्पॅनिश जहाजाला एक धार्मिक नाव असे आणि व्यवहारात चालणारे दुसरे नाव मालकावरून, प्रकारावरून किंवा बांधणीच्या ठिकाणावरून पडलेले असे. फोर्ट पिअर्सजवळ 1715 च्या ताफ्यातील जे जहाज आज ‘उर्का दे लिमा’ म्हणून दाखवले जाते, त्याचे मूळ नाव ‘सांतिसिमा त्रिनिदाद’ होते. उर्का हा सपाट बुडाच्या मालवाहू जहाजाचा प्रकार आणि लिमा हे मालकाचे आडनाव. एका ताफ्यात एकाच संताच्या नावाची दोन-तीन जहाजेही सापडतात. म्हणून प्रत्येक जहाजासाठी त्याची सर्व नावे, कप्तान, मालक, वजन आणि तोफांची संख्या यांचे एक टिपण आधी तयार करावे आणि पुढे मिळणारा प्रत्येक कागद त्या टिपणाशी ताडून पाहावा.

मुख्य दप्तर सेव्हिल येथे आहे. तिसऱ्या कार्लोसच्या आज्ञेने 1785 मध्ये स्थापन झालेल्या आर्चिवो हेनेराल दे इंदियास या संग्रहात सुमारे 43,000 बाडे आहेत, आणि त्यांपैकी बराच भाग स्पेन सरकारच्या ‘पारेस’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. जहाजांच्या मालाच्या नोंदवह्या ‘कोन्त्रातासिओन’ या विभागात, चौकशा आणि खटले ‘एस्क्रिबानिया दे कामारा’ मध्ये, तर फ्लोरिडा आणि क्यूबाचा पत्रव्यवहार बहुतांशी ‘सांतो दोमिंगो’ मध्ये शोधावा. सोळाव्या आणि सतराव्या शतकातील कारकुनांचे लेखन लेखणी न उचलता ओढत नेलेले असते. मोडी वाचणाऱ्याला ही यातना ओळखीची वाटेल. घाई न करता एकाच कारकुनाच्या हातची पाच-सहा पाने अक्षर-अक्षर लावून वाचली की डोळा बसतो. मालाची नोंदवही हा अंतिम पुरावा मात्र मानू नये, कारण करचुकवेगिरी सर्रास होती आणि जहाजात चढवलेला सगळाच माल कागदावर चढत नसे.

कागद किती दूर नेऊ शकतो याचे उत्तम उदाहरण ‘नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा’ या जहाजाचे आहे. 6 सप्टेंबर 1622 च्या वादळात ते बुडाले आणि जुन्या कागदांत जागा ‘मातेकुंबे’ अशी दिलेली असल्याने विसाव्या शतकातील शोधक आजच्या मातेकुंबे बेटांजवळ समुद्र चाळत राहिले. इतिहासकार यूजीन लायन यांना सेव्हिलमध्ये फ्रान्सिस्को नुन्येस मेलियान या तत्कालीन उद्धारकाच्या, म्हणजे बुडालेल्या जहाजांतून माल वर काढणाऱ्याच्या, हिशेबाचे कागद मिळाले आणि त्यांत ‘कायोस देल मार्केस’ असा उल्लेख आढळला. त्या काळी ‘मातेकुंबे’ हे नाव एका बेटापुरते नव्हते, साऱ्या बेटमालिकेला ते सैलपणे लावले जाई. शोध शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेला, की वेस्टच्या पलीकडच्या मार्केसास बेटांकडे सरकला. 1975 मध्ये तेथे मिळालेल्या कांस्याच्या तोफांवर कोरलेली वजने नोंदवहीतील आकड्यांशी जुळली, आणि जहाज आतोचाच असल्याचा निर्वाळा त्या आकड्यांनी दिला. हे काम खजिना शोधणाऱ्यांसाठी झाले होते आणि पुढे उत्खनन ज्या पद्धतीने झाले त्यावर पुरातत्त्वज्ञांचे गंभीर आक्षेप आहेत. परंतु स्थलनाम जसे आज आहे तसेच तेव्हा होते असे गृहीत धरू नये, हा त्यातला धडा कोणीही घ्यावा.

तारखा आणि मापे यांतही फसगत होते. स्पेनने 1582 मध्ये नवी दिनदर्शिका स्वीकारली, इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींनी 1752 मध्ये. त्यामुळे स्पॅनिश कागदांत 31 जुलै 1715 म्हणून येणारा दिवस जमैकाच्या इंग्रजी पत्रांत 20 जुलै असतो, आणि हे ध्यानात न घेतल्यास एकाच घटनेच्या दोन घटना होतात. ‘ब्रासा’ म्हणजे पाण्याच्या खोलीचे वाव, साधारण 1.67 मीटर, ‘वारा’ सुमारे 84 सेंटिमीटर, ‘लेग्वा’ मात्र काळ आणि लेखक यांनुसार बदलते, म्हणून लेग्वांत दिलेले अंतर नकाशावर रेषा म्हणून न ओढता रुंद पट्टा म्हणून रंगवावे. अक्षांश बऱ्यापैकी विश्वासार्ह असतात, रेखांश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळजवळ अंदाजाचेच.

स्पॅनिश लोकांनी स्वतःच आपली जहाजे मोठ्या प्रमाणात उपसली होती, हे नवख्या अभ्यासकाच्या लक्षात उशिरा येते. 1715 मध्ये अकरा जहाजे आणि सुमारे एक हजार माणसे गेल्यावर किनाऱ्यावर छावणी पडली, हवानाहून पाणबुडे आले आणि महिनोन्महिने काम चालले. त्या छावणीवर हेन्री जेनिंग्ज या इंग्रज समुद्री लुटारूने धाड घातली, तीही साचलेल्या चांदीसाठीच. 1733 च्या ताफ्याच्या बाबतीत तर उद्धारकांनी कोणते जहाज कोठे पडले आहे याचे नकाशेच काढले. हे कागद दोन प्रकारे उपयोगी पडतात: जागा कळते, आणि त्या जागी आज काय नसणार हेही कळते.

पाण्यात उतरण्यापूर्वी कायदा समजून घ्यावा. फ्लोरिडाच्या मालकीचा समुद्रतळ अटलांटिकच्या बाजूला 3 सागरी मैल आणि मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला सुमारे 9 सागरी मैल पसरलेला आहे. 1987 च्या केंद्रीय कायद्याने या तळात रुतलेल्या बेवारस जहाजांची मालकी राज्याकडे दिली. स्पेनच्या राजाच्या सेवेतील जहाजे मात्र बेवारस ठरत नाहीत: ‘ला गाल्गा’ आणि ‘हुनो’ यांच्या बाबतीत 2000 मध्ये अमेरिकी न्यायालयाने स्पेनचा हक्क मान्य केला, आणि पोर्तुगालजवळ 1804 मध्ये बुडालेल्या ‘मेर्सेदेस’वरून काढून फ्लोरिडात आणलेली सुमारे 5,94,000 नाणी 2012 मध्ये स्पेनला परत करावी लागली. अवशेष पाहायला जाण्यास बहुतेक ठिकाणी आडकाठी नाही; त्यांना हात लावणे, वाळू उकरणे किंवा काही उचलणे यांना परवाना लागतो. उपकरणे ओढून सर्वेक्षण करायचे असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संशोधन कार्यालयाला आधी विचारावे, आणि शक्यतो एखाद्या विद्यापीठाच्या मोहिमेत स्वयंसेवक म्हणून जावे. मॅग्नेटोमीटर लोखंड ओळखतो, सोने-चांदी किंवा पितळ नाही; त्याने दाखवलेली खूण नांगराची असेल, तोफेची असेल, किंवा कालच्या बोटीवरून पडलेल्या इंजिनाचीही. पेन्साकोला येथे 1992 मध्ये अशाच सर्वेक्षणात लूनाचे पहिले जहाज सापडले. 2006 आणि 2016 मध्ये आणखी दोन मिळाली.

नजर तयार करण्यासाठी इंडियन की बेटाजवळचे ‘सान पेद्रो’ पाहावे. 1733 च्या ताफ्यातील हे जहाज 1989 पासून पाण्याखालील संरक्षित उद्यान आहे आणि जेमतेम 18 फूट खोलीवर आहे. तेथे लाकडी जहाज दिसेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होते; दिसतो तो दगडांचा एक लांबट ढीग. हे नीरमाचे दगड, म्हणजे जहाजाचा तोल राखण्यासाठी तळाशी भरलेले नदीतले गोटे, आणि चुनखडीच्या या समुद्रतळावर असे गुळगुळीत, काळपट गोटे आपसूक येऊ शकत नाहीत. खऱ्या तोफा पूर्वीच काढून नेलेल्या असल्यामुळे तेथे सिमेंटच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत. एकदा हा ढीग नीट पाहिला की इतरत्र वाळूतून डोकावणारे तीन-चार गोटेही नजरेतून सुटत नाहीत.

असे काही दिसले तर त्यावर तरंगत राहून छायाचित्रे घ्यावीत, चौकटीत मोजपट्टी आणि उत्तर दिशा यावी, जीपीएस स्थान, खोली, तारीख, पाण्याची स्पष्टता आणि आसपासची ओळखण्याजोगी खूण लिहावी, आणि वस्तू होती तिथेच ठेवावी. तीनशे वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेल्या लोखंडाभोवती वाळू, शिंपले आणि गंज यांचे कठीण कवच धरलेले असते. ते हवेत आणून वाळू दिले की आतील क्षारांमुळे वस्तूला तडे जातात आणि काही महिन्यांत तिचे पापुद्रे निघतात. लाकूड वाळताना आक्रसते. वादळानंतर किनाऱ्यावर फेकली गेलेली फळी दिसली तरी ती गाडीत घालू नये. लाटा ती पुन्हा ओढून नेण्याचा धोका असल्यास जागेची नोंद करून ताबडतोब राज्याच्या कार्यालयाला कळवावे आणि ते सांगतील तसे करावे. 2015 मध्ये पेन्साकोलात एका स्थानिक इतिहासप्रेमीला घरबांधणीच्या जागेवर जुनी स्पॅनिश खापरे दिसली. त्याने ती विद्यापीठाला दाखवली आणि लूनाची हरवलेली वसाहत सापडली.

याच्या उलट काय होते तेही पाहावे. खजिना शोधणाऱ्या बोटी पंख्याला वाकडी नळी जोडून त्याचा झोत खाली सोडतात. वाळूत मोठा खड्डा पडतो, नाणी उघडी होतात आणि नाण्यांच्या भोवती काय कसे पडले होते ही माहिती कायमची जाते. 1715 च्या ताफ्यावर जुन्या न्यायालयीन हक्काने असे काम आजही चालते. तेथे परवानगी असलेल्यांनीच 2015 मध्ये सापडलेल्या 101 सोन्याच्या नाण्यांपैकी 50 लपवली, आणि त्यांपैकी 37 पोलिसांना 2024 मध्ये हस्तगत झाली. मधल्या काळात काही नाणी नव्याने सापडल्याचा देखावा करण्यासाठी पुन्हा समुद्रतळावर पेरलीही गेली होती. मूळ जागेचे कागद नसलेले नाणे विकत घेणारा या साखळीचाच एक दुवा होतो.

जतनाचे रोजचे काम साधे आणि कंटाळवाणे आहे. बोट दोराने बांधण्याच्या बोयालाच बांधावी, नांगर अवशेषांवर टाकू नये. नव्या जागेचे स्थान समाजमाध्यमांवर टाकू नये. फ्लोरिडाचा कायदा पुरातत्त्वीय जागांची स्थाने सार्वजनिक नोंदींतून वगळण्याची मुभा देतो, ती याच कारणाने. फ्लोरिडा पब्लिक आर्किओलॉजी नेटवर्क ही संस्था हौशी पाणबुड्यांना आणि किनाऱ्यावर फिरणाऱ्यांना अवशेषांची पाहणी करायला शिकवते. तिच्याकडे नाव नोंदवून एखादी जागा आपल्याकडे घ्यावी. वर्षातून दोनदा आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर तेथे जाऊन त्याच चार ठिकाणांवरून, त्याच दिशेने आणि त्याच अंतरावरून छायाचित्रे काढावीत, मागच्या खेपेला झाकलेली कोणती फळी उघडी पडली, कोणते गोटे हलले, कोठे ताजा खड्डा आहे, हे तुलना करून लिहावे आणि ते राज्याच्या नोंदणी कार्यालयाकडे पाठवावे. काहीच बदल नसेल, तर तसे लिहून पाठवावे.