सेल्फची टकटक, दोष अर्थिंगचा

पावसाळ्यात आमच्या जुन्या डिझेल जीपचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) नुसता टकटक करायचा. माहीमच्या गॅरेजवाल्याने थेट नवी बॅटरी सांगितली (त्यांना तेवढंच सुचतं). पण मीटरवर 12.6 व्होल्ट, सेल्फ मारतानाही फारसं उतरेना. मग भावाला चावी फिरवायला लावून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर धरली. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं, तिथे दोनच्या वर! म्हणजे करंट परतीच्या वाटेत अडतोय. अर्थची, म्हणजे इंजिनातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणारी तांब्याची पट्टी बोल्टखाली हिरवीगार, वर काळं ऑइल. समुद्राची खारी हवा, दुसरं काय! आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, पट्टी आणि ब्लॉकवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट आवळून वरून व्हॅसलीन फासलं. थंड डिझेल इंजिन सुरू होताना तापवणारे ग्लो प्लगही याच अर्थवर चालतात, त्यामुळे सकाळचा पांढरा धूरही कमी झाला. हेडलाइट मात्र अजून पिवळटच. तिथे रिले (बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच) बसवायचाय.