ग्रॅम रंजन करताना आणि रंगाचा अर्थ लावताना या चुका टाळा

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षात दह्याची स्लाईड केली नाही असा विद्यार्थी विरळाच. घरून डबीत आणलेले दही लूपने (तारेच्या कडीने) काचपट्टीवर पसरायचे, ग्रॅम रंजनाने रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली दह्यातल्या लॅक्टोबॅसिलस जीवाणूंच्या जांभळ्या कांड्या पाहायच्या, एवढेच काम असते. या रंजनात जांभळे राहणारे जीवाणू ग्रॅम पॉझिटिव्ह आणि गुलाबी होणारे ग्रॅम निगेटिव्ह. तरीही अनेकांना त्या कांड्या गुलाबी दिसतात आणि जर्नलमध्ये ‘ग्रॅम निगेटिव्ह’ अशी नोंद होते. अशा वेळी निकाल खोडून पाठ्यपुस्तकातले उत्तर लिहू नये, चूक कोठे झाली ते शोधावे.

त्यासाठी रंग का टिकतो हे समजले पाहिजे. हान्स क्रिस्टियान ग्रॅम यांनी 1884 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि आयोडीन यांचे मोठे संयुग पेशीत तयार होते. ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणूंची पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थाची जाड पेशीभित्तिका अल्कोहोलने आकसते आणि ते संयुग आत अडकते; ग्रॅम निगेटिव्ह जीवाणूंमध्ये मात्र हा थर पातळ असतो, त्याबाहेरच्या पटलातील मेद अल्कोहोलमध्ये विरघळतात, जांभळा रंग वाहून जातो आणि मागून दिलेल्या सॅफ्रानिनचा गुलाबी रंग उरतो.

म्हणजे सारी मदार अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांवर आहे. पट्टी तिरकी धरून थेंब थेंब अल्कोहोल सोडावे आणि खाली ओघळणारा द्रव रंगहीन होताक्षणी पाण्याने धुवावे. घड्याळाकडे पाहत बसल्यास जाड भित्तिकेतलाही रंग निघून जातो. उलट स्मिअर (पट्टीवर पसरलेला नमुन्याचा थर) जाड असेल तर अल्कोहोल आत पोहोचतच नाही आणि सगळेच जांभळे दिसते. दह्यात ही चूक हमखास होते, कारण केसिन या दुधातल्या प्रथिनाचे पुंजके रंग धरून ठेवतात आणि त्यांच्या ढगात कांड्या हरवतात. म्हणून दही पाण्यात पातळ करून त्याचा इतका विरळ थर द्यावा की वाळल्यावर पट्टीखाली ठेवलेली छापील अक्षरे वाचता यावीत. स्मिअर ज्योतीवरून नेताना पट्टी हाताच्या पाठीला सोसवेल इतकीच तापवावी. जास्त उष्णतेने भित्तिका फाटते आणि रंग गळतो. आयोडीन द्यायचे राहिले, तर जाड भित्तिकेचे जीवाणूही गुलाबी होतात.

हात बिनचूक असूनही निकाल चुकतो, तेव्हा कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जीवाणू) किती जुने आहे ते विचारावे. एरवी जांभळ्या दिसणाऱ्या बॅसिलस जीवाणूच्या जुन्या, मरू लागलेल्या पेशींची भित्तिका दुबळी होते आणि त्या गुलाबी दिसतात, म्हणून 18 ते 24 तासांचे कल्चर घ्यावे. माझा आग्रह असा, की प्रत्येक पट्टीवर नमुन्याच्या एका बाजूला जांभळा दिसणारा स्टॅफिलोकॉकस आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी दिसणारा ई. कोलाय या ओळखीच्या जीवाणूंचा स्मिअर असावा. ते दोन्ही अपेक्षेप्रमाणे रंगले नसतील, तर मधल्या नमुन्याविषयी काहीही लिहू नये.

याहून खोल चूक अर्थ लावताना होते. हा रंग भित्तिकेची बांधणी सांगतो, जीवाणूचे नाव सांगत नाही. क्षयरोगाच्या जीवाणूवर मायकोलिक आम्लाचे मेणचट आवरण असल्याने तो ग्रॅम रंजनात नीट रंगत नाही, म्हणून त्याच्यासाठी झील-नील्सन ही वेगळी रंजनपद्धत वापरतात. मायकोप्लाझ्मा या जीवाणूला तर भित्तिकाच नसते. तो गुलाबी दिसला, तरी ई. कोलायचा सोयरा ठरत नाही, आणि भित्तिकेची बांधणी रोखणारे पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही.

आकाराचेही तसेच आहे. दंडाकार दिसणाऱ्या प्रत्येक जीवाणूला ‘बॅसिलस’ म्हणण्याची सवय मोडावी, कारण बॅसिलस ही बीजाणू तयार करणारी स्वतंत्र प्रजाती (जीनस) आहे आणि ई. कोलाय दंडाकार असूनही तिच्यात मोडत नाही. खुद्द लॅक्टोबॅसिलस प्रजातीचे 2020 मध्ये जनुकसंचांच्या तुलनेवरून 25 प्रजातींत विभाजन झाले. लॅक्टोबॅसिलस केसी आता लॅक्टिकेसिबॅसिलस केसी म्हणून ओळखला जातो, तेव्हा जुन्या वहीतून नाव उतरवण्यापूर्वी ते तपासून घ्यावे.

दिसण्यावरून नाते ठरवण्याची मोठी फसगत 1977 मध्ये उघड झाली. कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी रायबोसोमल आरएनएची (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोममधल्या रेणूची) तुलना करून दाखवले, की जीवाणू समजले जाणारे मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव जीवाणूंहून मुळातच वेगळे आहेत. त्या गटाला आज आर्किया म्हणतात, आणि त्यांच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नसते. 2020 च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा ‘जीवाणूंमुळे’ असे सर्रास बोलले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा त्या रंगामागे खाऱ्या पाण्यात वाढणारे आर्किया, म्हणजे हॅलोआर्किया, आढळले.