विहारासाठी बौद्ध ग्रंथांचा संग्रह घेताय? या चुका टाळा

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गेलेला माणूस सहसा रिकाम्या हातानं गावी परतत नाही. पिशवीत दोनचार पुस्तकं असतातच. अडचण पुढच्या पावसाळ्यात कळते. आषाढी पौर्णिमेला वर्षावास (पावसाळ्यातला धम्मवाचनाचा काळ) लागतो, निंदणखुरपण आटोपून बायामाणसं रात्री विहारात जमतात, हौसेनं आणलेला जाडजूड संग्रह कपाटातून निघतो आणि चौथ्या दिवशी गुपचूप परत कपाटात जातो. पुस्तक वाईट असतं असं नाही. स्टॉलवरच्या गर्दीत ते उघडून पाहिलेलं नसतं, एवढंच.

लिपी पाहून भाषा ठरवू नका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मुखपृष्ठावर देवनागरीत ‘दीघनिकाय’ (लांब सुत्तांचा, म्हणजे उपदेशांचा, संग्रह) लिहिलेलं दिसलं की आपण ते मराठी समजतो. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदाहून निघालेलं त्रिपिटक, म्हणजे पाली धर्मग्रंथांचा पूर्ण संच, 41 खंडांचं आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासानं अट्ठकथांसह (जुन्या टीकाग्रंथांसह) काढलेला संच 140 खंडांचा आहे. दोन्हींची लिपी देवनागरी आणि भाषा पाली. अभ्यासकासाठी हे मोठं धन आहे, पण गावातल्या वाचनाला त्याचा उपयोग नाही. ‘अक्षरं तं लागतात व बाई, पण अर्थ काई लागत नाई,’ असं कुणीतरी म्हणतं आणि वाचन तिथेच थांबतं.

म्हणून पुस्तक मधोमध उघडा. ‘एवं मे सुतं’नं सुत्त सुरू झालं आणि पानभर कुठेच मराठी दिसली नाही, तर ते खाली ठेवा. एका बाजूला पाली आणि समोर मराठी असेल तर त्याहून चांगलं काही नाही. ज्यांना गाथा पाठ आहेत त्यांना अर्थ मिळतो, ज्यांना नाहीत त्यांना उच्चार मिळतो.

दानात आलेले पाली खंड विहारात आधीच पडून असतील तर त्यांतला सुत्तनिपात काढा. आपण परित्राणाला (रक्षणासाठीच्या सुत्तपठणाला) म्हणतो ती मंगल सुत्त, रतन सुत्त आणि करणीय मेत्त सुत्त ही तिन्ही त्यात आहेत. वंदनेच्या पातळ पुस्तिकांमध्ये छपाईच्या चुका फार असतात. त्या याच्याशी ताडून दुरुस्त करता येतात.

कुठून घेतलं, हे न सांगणारा संग्रह घेऊ नका

संग्रह म्हणजे कुणीतरी केलेली निवड. ती कशातून केली हे प्रत्येक उताऱ्याखाली लिहिलेलं हवं. कित्येक पुस्तकांत धम्मपदाच्या गाथा, मिलिंदपन्ह, बुद्धचरित आणि सद्धर्मपुंडरीक असं सगळं एकापाठोपाठ येतं आणि ऐकणाऱ्याला सगळंच भगवंतांच्या तोंडचं वाटतं. खरं तर मिलिंदपन्ह हा राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांचा संवाद, म्हणजे बुद्धानंतर काही शतकांनी झालेला. बुद्धचरित हे अश्वघोषाचं संस्कृत काव्य. सद्धर्मपुंडरीक हे महायान या नंतरच्या पंथाचं सूत्र. हे सगळं वाचावं, खुशाल वाचावं, पण कोणतं काय आहे हे माहीत असून.

पारख सोपी आहे. धम्मपदात 26 वग्ग (प्रकरणं) आणि 423 गाथा आहेत. गाथेला क्रमांक असेल तर ती दुसऱ्या कोणत्याही आवृत्तीत सापडते. सुत्ताखाली निकायाचं आणि सुत्ताचं नाव हवं. नुसतं ‘भगवान बुद्ध म्हणतात’ लिहून मोकळं झालेलं पुस्तक घेऊ नका. तेवढं तर व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी फुकट येतं.

ग्रंथ एक सांगतो, संग्रह दुसरंच

यावरून विहारात वाद होतात, आणि कधीकधी चांगलेच कडाक्याचे. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेल्या भांडणामुळे. पाण्याच्या पाळीवरून धुऱ्यावर झालेली भांडणं पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मग नव्या संग्रहात म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्यं येतात आणि प्रश्न उठतो, खरं कोणतं?

त्यावर पुस्तक मिटू नका. चार दृश्यांची कथा दीघनिकायातल्या महापदान सुत्तात येते ती विपस्सी या गौतमांआधीच्या बुद्धाबद्दल. सिद्धार्थाच्या नावानं ती सविस्तर येते जातकाच्या अट्ठकथेतल्या निदानकथेत आणि बुद्धचरितात. मज्झिमनिकायाच्या अरियपरियेसन सुत्तात भगवंत स्वतः सांगतात ते इतकंच, की आईवडील रडत असताना आपण केस उतरवून घर सोडलं. बाबासाहेबांनीही ग्रंथाच्या परिचयातच चार दृश्यांच्या गोष्टीवर प्रश्न उभा केला आहे. तेव्हा सुत्त आणि अट्ठकथा वेगळी दाखवणारा संग्रह निवडला की निम्मा वाद मिटतो. माझं मत विचाराल तर वर्षावासात मुख्य वाचन बाबासाहेबांच्या ग्रंथाचंच ठेवावं आणि त्या दिवशीच्या भागाशी जुळणारं मूळ सुत्त संग्रहातून नंतर वाचावं. हे जुळवायला भदंत आनंद कौसल्यायन यांचा या ग्रंथाचा हिंदी अनुवाद कामाला येतो. त्यांनी पाली संदर्भ शोधून दिलेले आहेत.

अनुक्रमणिका आधी पाहा

काही संग्रह भिक्खूंसाठीच केल्यासारखे असतात. ध्यान, अनित्यता आणि निब्बाण आहे, पण संसारी माणसासाठी ओळ नाही. अनुक्रमणिकेत सिगालोवाद, कालाम, वसल आणि अस्सलायन ही सुत्तं शोधा. पहिल्यात आईबाप, नवराबायको, मालक आणि कामकरी यांची एकमेकांप्रतीची कर्तव्यं आहेत. शेवटच्या दोहोंत जन्मानं ठरणाऱ्या उच्चनीचतेला सरळ उत्तर आहे.

थेरीगाथा नसेल तर मी तो संग्रह घेत नाही. विहारात नेमानं येणाऱ्या बहुतेक बायाच असतात आणि ही भिक्खुणींची स्वतःची बोलणी आहेत. त्यातली पुण्णा आधी दासी होती, थंडीत नदीवर पाणी भरायला जायची. पाप धुवायला कुडकुडत पाण्यात उतरलेल्या ब्राह्मणाला ती विचारते, पाण्यानं पाप जात असेल तर बेडूक, कासवं आणि सुसरीही स्वर्गात जातील की? आणि पाप वाहून जातं तसं पुण्यही वाहून गेलं तर तू कोरडाच राहशील. हे वाचल्यावर विहारात हसू फुटतं आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, ‘पुन्हा वाच व, पुन्हा वाच.’

सुत्तांत तेच तेच वाक्य वारंवार येतं, कारण ती आधी तोंडपाठ चालत आली. पालीत गाळलेल्या जागी ‘पे’ छापतात, अनुवादात टिंबं देतात. मोठ्यानं वाचायला अशी आवृत्ती बरी, पण किती गाळलं हे प्रस्तावनेत सांगितलेलं असावं.

मराठीत न मिळालेलं हिंदीत घ्यायला हरकत नाही, आपल्याकडे हिंदी कुणाला अडत नाही. राहुल सांकृत्यायनांचा मज्झिमनिकाय 1933 पासून आहे. फक्त ती हिंदी जड आहे, वाचणाऱ्यानं आदल्या दिवशी डोळ्यांखालून घालावी. मराठीत सुत्तनिपातासाठी धर्मानंद कोसंबींचा अनुवाद शोधा. त्यांचे शेवटचे दिवस आपल्याच वर्ध्याजवळ, सेवाग्रामला गेले.

अक्षर मोठं हवं. शिवलेली बांधणी पाहा, डिंकाची पावसाळ्यात सुटते. आणि पैसे पुरत असतील तर एका जाड खंडाऐवजी एकाच पातळ पुस्तकाच्या दोन प्रती घ्या. एक विहारात राहील, दुसरी घरोघरी फिरेल.