ई-बुक्स नीट लावून ई-रीडरवर कशी टाकायची

आधी कॅलिबर हे ई-बुक्स सांभाळायचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करा, फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. सगळी पुस्तकं त्यात ओढून टाका, ते स्वतःच्या फोल्डरमध्ये वेगळी कॉपी करतं, त्या फोल्डरमधल्या फाइल्सची नावं हाताने बदलायची नाहीत, नाहीतर कॅलिबरला पुस्तक सापडतच नाही.

आता खरं काम म्हणजे मेटाडेटा, म्हणजे पुस्तकाचं नाव, लेखक वगैरे माहिती, आणि इथे वेळ घालवाच. एकाच लेखकाचं नाव कुठे पूर्ण असतं, कुठे नुसती आद्याक्षरं, मग रीडरवर तो दोन लेखक म्हणून दिसतो आणि अर्धी पुस्तकं शोधूनही मिळत नाहीत. त्या लेखकाची सगळी पुस्तकं सिलेक्ट करून कीबोर्डवर 'E' दाबा, नाव एकदाच नीट टाका. मालिका असेल तर सिरीजमध्ये नंबरही द्या.

आता फाइलचा फॉरमॅट: कोबो ई-रीडरला ईपब (EPUB) चालतं, किंडल ई-रीडरवर केबलने टाकणार असाल तर एझेडडब्ल्यू३ (AZW3) मध्ये कन्व्हर्ट करा. स्कॅन केलेल्या पीडीएफच्या नादी लागू नका, ती पानांची चित्रं असतात, कन्व्हर्ट करून अक्षरं मोठी होत नाहीत.

मग यूएसबी लावा, 'सेंड टू डिव्हाइस' करा, आणि इजेक्ट केल्याशिवाय केबल ओढू नका!